एकोणीस नंबरचा पाना

उपिंग्टनला, आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर
अकरा महिन्यांपासून एक कागद चिकटलाय.
इतकं आधी बुकिंग करावं लागतं,
माझा बाप जन्मला तिथे झोपायला.

तीन रात्री. दोन खाटा. छावणीला कुंपण नाही.
भांडी आहेत, गॅस आहे, शिधा आपला आपण.
शेवटचं दुकान आस्कमला,
तिथेही बुधवारी पाव संपलेला असतो.

मी लिहिलं:
मक्याचं पीठ, पाच किलो. कांदे.
बटाटे मातीसकट, तसेच टिकतात.
माशांचे डबे सहा. सुकं मांस.
साखर, घट्ट झाकणाच्या डब्यात.
लाकूड इथूनच न्यायचं, आतली काटकीही उचलायची नाही.
पेट्रोलचे दोन कॅन. हवा मोजायचं गेज,
वाळू लागली की टायर मऊ करायचे.
गोडं पाणी, चाळीस लिटर.

पा आला. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला
आणि वही तपासायला बसावं तसा पेन घेऊन बसला.
चाळीसचे वीस केले.
"हे तुझ्यासाठी, द्रीका. मला तिथलंच लागतं."
तिथलं पाणी खारं, कॉफीत दूध फाटतं.
"बत्तीस वर्षं फाटलेलीच प्यायलो.
इथली पुचाट लागते."

एका रात्रीचे किती, विचारलं त्यानं.
मी निम्मे सांगितले.
तरी पेन हवेत थांबलं. पंप दुरुस्त करायचा तेव्हा
महिन्याचा पगार तेवढा नव्हता.

मी सहा वर्षांची होते, शाळेसाठी बाहेर काढलं मला.
आठवतं ते एवढंच, की संध्याकाळी तिथे पाली भुंकतात.
वर्गात सांगितलं तर
टाचणी पडेल अशी शांतता, आणि मग सगळे हसले.

नियमही वाचून दाखवले, कुणीतरी वाचायला हवेत म्हणून.
सूर्य बुडायच्या आत फाटकाच्या आत.
गाडीतून उतरायचं नाही.
"कुठेच?"
छावणीत फक्त.
तो काही बोलला नाही. खिडकीबाहेर शेजारणीची कोंबडी
एक पाय उचलून, विचार करून,
पुन्हा तिथेच ठेवत होती.
मी घाईनं पुढचं वाचलं:
बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही,
जनावरांचा धोका आहे.

तेव्हा हसला. असा हसला की ठसका लागला,
पाणी द्यावं लागलं, गोडं.
"माझ्या आईला हे कुणी सांगितलं नाही," म्हणाला.
"नाहीतर नदीच्या कोरड्या पात्रात, जिराफकाट्याच्या झाडाखाली
बारा वर्षं पोटातच ठेवलं असतं तिनं मला."

मग सुटलाच. चौदाव्या बोअरवर आब्री टीटसची टोपी उडाली,
पवनपंपाच्या पात्यांत अडकली,
वर्षभर फिरत होती, खाली हरणं पाणी पीत होती.
आब्री रोज खालून तिला सलाम करायचा.
आणि सिंहीण? सिंहिणी पुष्कळ, त्यांचं काय सांगायचं.
टोपीचंच सांगत राहिला.

जाता जाता यादीत दोन ओळी घातल्या,
वाकड्या, मोठ्या अक्षरांत:
बूट आत ठेवणे, कोल्हे नेतात.
पाना, एकोणीस नंबर.

फ्लोरिस मागच्या हिवाळ्यात जाऊन आला.
म्हणाला, पवनपंप उतरवलेत, सौरपत्रे बसवलेत,
पाणी येतं, पण आवाज नाही कसला.
मी पाला सांगितलेलं नाही.
फ्लोरिसनं सांगितलं असेल. फ्लोरिसच्या पोटात काही राहत नाही.

आज पहाटे पाना डिकीत ठेवला,
जुन्या मोज्यात गुंडाळून, बटाट्यांशेजारी.
पा गाडीत बसलाय केव्हाचा, पट्टा लावून,
खिडकी पूर्ण खाली.
आणि आगपेटी
आम्ही दोघांनीही लिहिलेली नाही.