आठ अंश

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत
हेस्टर क्रॅबट्री आम्हाला उत्तर शिकवायची.
टेबलावर नकाशा, चार कोपऱ्यांवर चहाचे चार मग,
आणि मधोमध तिचं बोट,
नखात माळावरची काळी माती.

प्रश्न एकच, ती म्हणायची, कुठे?
उत्तरं तीन.
एक खरी. पृथ्वीचा आस जिथून बाहेर डोकावतो, तिथली.
एक कागदी. नकाशाच्या उभ्या रेघा दाखवतात ती;
गोल पृथ्वी सपाट अंथरायची तर
चुणी कुठेतरी पडणारच.
आणि एक सुईची.
हिचा भरवसा धरू नका.
खाली तीन हजार किलोमीटरवर
वितळलेलं लोखंड कूस बदलतं
आणि वर खिशातली सुई अस्वस्थ होते.

अढळपद मिळालं ते आकाशातल्या ध्रुवाला.
सुईचा ध्रुव पायी निघालेला:
कॅनडाची बेटं मागे टाकून
सैबेरियाच्या वाटेला लागलेला,
कुणाचा निरोप न घेता.

आमचं गाव त्यातल्या त्यात नशीबवान.
नकाशाची मधली शिवण आमच्याच माळावरून जाते.
तिथे खरी आणि कागदी एका रेघेवर नांदतात.
तिसरी तेवढी पश्चिमेकडे तोंड करून.

हेस्टरच्या स्वयंपाकघरात, दाराच्या चौकटीवर,
इतर घरांत जिथे पोरांची उंची मोजतात,
पेन्सिलीच्या तिरप्या रेघा.
१९७६, आठ अंश.
१९९०, साडेपाच.
२००५, तीन.
वर्षाला दहाबारा कला, सुई सरकत आलेली.
सगळ्यात जाड रेघ पहिली.
तिच्याबद्दल आम्ही कुणी विचारत नसू.

टॅमसिन चौदा वर्षांची. तिने विचारलं.
"ही इतकी दाबून का काढलीय?"

हेस्टरने बशी पुसली.
मग तीच बशी पुन्हा पुसली.

"सिरिल. माझा धाकटा. नोव्हेंबर होता,
ढग गुडघ्यापर्यंत उतरलेला.
कोन त्याने नकाशावरून बरोब्बर मोजला होता,
वहीत सापडला आम्हाला, नीट अक्षरात.
आठ मिळवायचे राहिले.
दीड किलोमीटर चालला, तर दोनशे मीटर डावीकडे,
आणि डावीकडे दगडाची खाण.
उत्तर चुकलं नव्हतं गं त्याचं.
कुठली उत्तर, तेवढं चुकलं."

या ऑगस्टमध्ये आम्ही तिला माळावर नेलं.
सत्त्याहत्तर वर्षांचे गुडघे, दोन काठ्या,
दर शंभर पावलांना एक शिवी.
हेदर जांभळं पेटलेलं. पायांतून रानकोंबडा उडाला,
मागे फिर, मागे फिर, मागे फिर, कोकलत.
खाणीच्या अलीकडे, रचीव दगडांच्या कुंपणावर
तिने नकाशा पसरला, होकायंत्र ठेवलं.
सुई थरथरली,
थोडी पुढे गेली, मागे आली,
आणि रेघेवर जाऊन निजली.

तिन्ही एकीवर एक.
मिळवायचं काही नाही, वजा काही नाही.
टाळ्या वाजवायच्या की टोप्या काढायच्या,
कुणालाच कळेना.
डेरेकने उगाच आल्याचा केक कापायला घेतला.

ती बराच वेळ बघत राहिली.
"आज विसरला असता," ती म्हणाली,
"तर चहाला घरी आला असता."

वाऱ्याने नकाशाचा कोपरा उचलला.
टॅमसिनने त्यावर हात ठेवला, आणि तसाच ठेवला.

उतरताना, वाट जिथे ओढ्यापाशी अरुंद होते,
हेस्टर थांबली, आमच्याकडे वळली.
आवाज परत शुक्रवारचा.

"थांबणार नाहीये ती तिथे.
पुढच्या उन्हाळ्यात रेघेच्या पलीकडे गेलेली असेल.
मी तुम्हाला मिळवायला शिकवलं. ते विसरा.
आता वजा करायचं.
पाठ करा.
आणि पाठ झालं तरी
समासातली तारीख बघितल्याशिवाय
पाऊल टाकू नका."