साडेसहा मीटर

सत्तावीस वर्षं द्रवयांत्रिकीच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या
माझ्या कमरेला आहेत.
काचेच्या कपाटात पितळी हातपंप, जर्मनीहून आलेला.
काच मी दर सोमवारी पुसतो.
त्या पंपातून पाणी आलेलं
ओरुरोच्या ह्या इमारतीत कुणी पाहिलेलं नाही.

फेब्रुवारीत नव्वद पोरं येतात,
खाणीतल्यांची, बाजारात पाव विकणाऱ्या बायांची.
ऑगस्टपर्यंत चाळीस उरतात.
गेलेल्यांच्या वह्या मी बाकांखालून गोळा करतो:
पहिल्या पानावर नाव, ठळक, दोनदा गिरवलेलं,
विसाव्या पानानंतर सगळं कोरं.
"गणित कच्चं," सभेत म्हणतात,
कोकाचा चहा संपवतात, उठतात.

यंदा एउलोखिया विल्का मॅडमनी चहा घेतला नाही.
म्हणाल्या, व्हॅन द्या. डिझेल द्या.
आणि सातुर्निनो, तो पंप काढ.
कुलूप गंजलेलं. किल्ली फिरेना.
पान्यानं तोडलं.

काल्याविरीची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि चहूबाजूंनी वारा.
विहिरीचं पाणी आठ मीटर खाली.
आमची सहा पोरं, युनिव्हर्सिटीची जाकिटं घालून,
रेमिह्यो सगळ्यांच्या पुढे.
फळ्यावर सूत्र काढून सांगितलं त्यानं:
हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो,
दहा मीटरपर्यंत. पुस्तकात आहे.

मग दांडा वर, दांडा खाली.
पंपानं नुसता घसा खाकरला.
वॉशर बदललं. सांधे तपासले. परत दांडा.
रेमिह्योचे कान लाल झाले,
थंडीनं नव्हे.

पांकारा, वय अकरा,
धाकटी बहीण पाठीशी बांधलेली, पुढे आली.
"ते पुस्तक कुठल्या गावचं?"

आम्ही हसलो. ती हसली नाही.
"खाली सांता क्रूसला, मावशीकडे,
बटाटे चटकन शिजतात.
इथं आई चढवते ते शिजता शिजत नाहीत.
बटाटे इथूनच नेलेले. पाणी तसंच उकळतं.
मग तुमचं पाणी तरी
खालच्या पुस्तकाचं का ऐकेल?"

मॅडम गप्प.
त्यांना उत्तर ठाऊक आहे हे मला
त्यांच्या गप्प बसण्यावरून कळलं.
यामिलेनं हातमोजा काढला,
गुडघे टेकले, धुळीत बोटानं भागाकार मांडला:
एवढ्या उंचीवर हवा किती, तिचं ओझं किती,
ती पाणी कुठवर उचलेल.
साडेसहा मीटर. तेही जेमतेम.
त्या कोऱ्या वह्यांत हे
एकविसाव्या पानावर आलं असतं.

विहिरीत दोन मीटर खाली फळी आडवी ठोकली,
पंप तिच्यावर. कमरेला दोर बांधून रेमिह्यो उतरला.
दोराचं दुसरं टोक माझ्या हातात,
आणि माझ्या मागे अख्खी शाळा.
बराच वेळ काहीच नाही.
मग खालून त्याची आरोळी. बादली वर आली:
आधी गंजाचं लाल, मग गढूळ,
मग पांकाराच्या बहिणीनं दोन्ही हात बुडवले
आणि थंडीनं भोकाड पसरलं.

अभ्यासक्रम समितीनं विचारलं,
हे कुठल्या प्रकरणात बसतं?
मॅडमनी पहिलं प्रकरण फाडून टेबलावर ठेवलं.
खरंच फाडलं. मी होतो तिथं, खुर्च्या लावत.

ऑगस्टात सत्तावन्न पोरं उरली.
चमत्कार नाही. तेहतीस वह्या
याही वर्षी गोळा केल्या मी.
एकीत विसाव्या पानाच्या पुढे
फक्त एक ओळ: ते पुस्तक कुठल्या गावचं?
अक्षर रेमिह्योचं.

आईच्या पावांच्या गाडीवर उभा असतो तो आता.
शनिवारी गेलो. चार पाव घेतले, वही दिली.
म्हटलं, पंप कपाटात परत ठेवलेला नाही,
त्याचं वॉशर पुन्हा गळतंय,
आणि माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.
त्यानं सुटे पैसे मोजले.
वही मात्र पावांखाली ठेवली,
कोरड्या बाजूला.