हरू वाजव ना गा

राइस मिल बंद झाली की मगच मी गाणी तपासतो,
तिच्या घरघरीत लताही सारखी अन् लाउडस्पीकरही सारखा.
त्या दिवशी मिल चालूच होती.
सोमेश्वर निकुरे आले सिंदेवाहीच्या बसमधून उतरून,
मंडईच्या नाटकांत चाळीस वर्षं ऑर्गन वाजवलेले,
रुमालात बटणांचा फोन,
फोनच्या पाठीला रबर, रबराखाली बॅटरी.
"याच्यात एकोनीस तालमी हायेत.
कॅम्पुटरवर वाजल्या पायजे. नातीले आयकवाच्या हायेत."

कार्ड काढलं, फुंकर मारली, लावलं.
एकोणीस फायली. नावं नाहीत, नुसते आकडे,
शेवटी तीन अक्षरं: ए एम आर.
क्लिक केलं, तर मशीन म्हणालं, हे मला वाजवता येत नाही.
काका पडद्याकडे बघत राहिले,
पाहुण्याला दारातूनच परत पाठवल्यासारखे.

मी म्हटलं, आवाज शाबूत आहे काका,
फक्त भांडं वेगळं आहे,
या भांड्यातून त्या भांड्यात ओतावं लागेल.
"सांडन तं नाही?"
नाही, म्हटलं.
हे मी सगळ्यांनाच म्हणतो.

निळी पट्टी सरकली. बारा टक्के. एकतीस.
सदुसष्टला लाइन गेली.
मिल थांबली, पंखा थांबला,
समोरच्या टपरीवरची कढई तेवढी चुरचुरत राहिली.
काकांची बोटं काउंटरच्या काचेवर फिरत होती,
खाली मोबाइलची कव्हरं, चार्जर, देवांचे स्टिकर,
आणि वरून कुठलासा ठेका, बिनआवाजाचा.
पाऊण तासानं लाइन आली.
पट्टी पुन्हा शून्यापासून.

मग वाजलं.
बाटलीत कोंडलेला डास असावा तसा ऑर्गन.
"वरचा सा कोटी गेला?"
मी आवाज वाढवला. डास मोठा झाला.
"नात म्हने, तीनशेवीसवर घेजा."
घेतलं तीनशेवीसवर.
फाइल पंचवीस पट फुगली, आवाज होता तेवढाच.
मूठभर तांदूळ मोठ्या गंजात शिजवला
म्हणून काय पंगत उठते?

शेवटी सांगावंच लागलं.
हा फोन बोलायसाठी केलेला, काका.
माणूस बोलला की याला कळतं, ते जपून ठेवतो.
गाण्यातलं वरचं वरचं याला कचरा वाटतो,
झाडून टाकतो. कायमचं.
ते कुठल्याच भांड्यात आता येणार नाही.

काका काही बोलले नाहीत.
फाइल चालूच होती, बंद करायचं मी विसरलो.
गाणं संपलं. टिनाची खुर्ची सरकली.
कोणी खोकललं. कपबशा वाजल्या,
आणि अगदी इथं, माझ्या टेबलावर, कोणी स्वच्छ म्हणालं,
"सोमा, हरू वाजव ना गा,
मले माहाच आवाज आयकू येत नाही."

"डोमाजी," काका म्हणाले. "गुरनुल्याचा डोमाजी.
राजाचं काम करे."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "मांगं घे."
घेतलं. पुन्हा मांगं घे. पुन्हा.
एक पोरगा रिचार्जला येऊन उभा राहिला, गेला.

गाणी कापून टाक म्हणाले.
मी विचारलं, नक्की?
"गाने मले येतेत."
एकोणीस तालमींतून उरलं अकरा मिनिटांचं बोलणं:
कोणाला पेटीचं भाडं द्यायचं आहे,
कोणाच्या बैलाला आव लागली,
तिसऱ्या अंकात तलवार कोण आणणार,
आणि चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी,
हरू वाजव.
वीस रुपये झाले. पन्नासची नोट होती,
तीस मोजून घेतले त्यांनी, दोनदा.

त्याची एक नक्कल माझ्याकडे राहून गेली.
लग्नसराईत पोरं येतात, पेनड्राइव्ह भरून नेतात,
छाती हादरेल असं पाहिजे म्हणतात.
मी लावून दाखवतो, काच थरथरते,
यादी आपोआप पुढे सरकते
आणि धांगडधिंगा संपतो तिथं डोमाजी बोलतो.
पोरं हसतात. हा कोण गा बुढा?
मी आवाज कमी करतो,
मिल चालू असली तरी.