पट्टा पूर्ण ओढून बघा

जालन्यात, बायपासला, काचेमागं
ती उभी होती. काळी, जर्मन,
इतकी चकचकीत की तिच्या दारात
मला माझाच शर्ट चुरगळलेला दिसला.
दार लावलं की आवाज यायचा, धप्प्,
जड, खानदानी,
तिजोरी मिटल्यासारखा.
खरं सांगतो, मी त्या आवाजालाच टोकन द्यायला निघालो होतो.

बियाण्याच्या दुकानात एकोणीस वर्षं झाली.
गिऱ्हाइकाला रोज सांगतो,
पिशवीवरच्या फोटोला भुलू नका,
मूठभर दाणे आधी ओल्या गोणपाटात उगवून बघा.
आणि मी?
मी सीटच्या कातड्यावरून हात फिरवत बसलो होतो.

"एकच मालक, डॉक्टर," बोरुडे म्हणाला,
"बेचाळीस हजार चाललीय. संध्याकाळी परभणीचं गिऱ्हाईक येतंय."
परभणीचं गिऱ्हाईक प्रत्येक सौद्यात येतं
आणि कधीच पोचत नाही.

बायको म्हणाली, इद्रिस उस्तादला दाखवा.
बोरुडे हसला. "दीडशे मुद्द्यांचं सर्टिफिकेट आहे की आपल्याकडं!"
होतं. त्यानंच त्याला दिलेलं.

उस्ताद मंठा चौफुलीवरून लुनावर आला.
पिशवीत टॉर्च, लोहचुंबक, एक विटकी गोधडी.
पंधराशे आधी मोजून घेतले.
"सौदा झाला तरी एवढेच, मोडला तरी एवढेच.
म्हणून जीभ सरळ राहते."

गोधडी अंथरून तो खाली गेला
आणि बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत राहिले.
चुंबक तीन दारांना चिकटलं, चौथ्यावरून घसरलं.
ब्रेकच्या पेडलचं रबर त्यानं अंगठ्यानं चाचपलं.
"बेचाळीस हजारात एवढं झिजत नसतंय, शेठ.
आकडा माणूस फिरवतो. रबराला फिरवता येत नाही."
बोरुडेनं चहा मागवला. कुणी प्यायलं नाही.

मग त्यानं सीटबेल्ट ओढला.
आपण ओढतो तेवढा नाही.
पूर्ण. अगदी मुळापर्यंत.
आणि टोकाला आलेली रेघ दाखवली,
तपकिरी, फूटपट्टीनं मारल्यासारखी.
इथवर पाणी.

गालिच्याखाली गाळ, पिठासारखा वाळलेला,
गाळात गोगलगाईचा एक शंख,
शेंगदाण्याएवढा, रिकामा.

आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.
ज्या गावात नळाला बाराव्या दिवशी पाणी,
दारोदार निळे ड्रम, त्यावर झाकण, झाकणावर दगड,
तिथं एक गाडी
बुडून आली होती.

कुठली नदी, कुठलं शहर, तेव्हा आत कोण होतं,
बोरुडेलाही ठाऊक नसावं. चेहरा खरोखर उतरला होता.
त्यानंही कुणाकडून तरी अशीच घेतली असेल,
त्याच आवाजावर.

उस्तादनं पावतीच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलं:
ओली होती. घेऊ नये. इद्रिस.
एवढाच रिपोर्ट.

घरी दादांना सांगितलं.
तीस वर्षं रोलिंग मिलच्या भट्टीवर होते ते,
भल्याभल्यांच्या गाड्या भंगारात येताना
आणि सळई होऊन जाताना पाहिलेल्या.
"मायला, घाई कशाची?
शेवटी सगळ्या आमच्याकडंच येतात."

डिसेंबरात ती पुन्हा दिसली,
मोंढ्याजवळ, वरातीत, झेंडूनं मढवलेली.
चांगली चालत होती.
नवरदेवानं पट्टा लावला नव्हता.
काचेवर टकटक करायला मी बोट उचललं,
तेवढ्यात बँजोवाले आडवे आले
आणि मग ती कोपऱ्यावरून वळली.

शंख अजून गल्ल्यात आहे, चिल्लरीत.
कधी सुट्ट्या पैशांबरोबर तो गिऱ्हाइकाच्या हातावर जातो,
ते विचारतं, हे काय हो?

उगवण चाचणी, मी म्हणतो
आणि तेवढा परत मागून घेतो.