चारशेच्या आत

फॉर्मवर रकाने तीनच:
जन्मतारीख, मुलगा की मुलगी,
आणि शाळेचा पट.
धावते कशी, हे कुणी विचारत नाही.
"ते कळतंच नंतर," म्हणतात डायस सर,
पेनाचं टोपण दातात धरून,
आणि सुविधा धनावडेकडे मान वर न करता
तिला एका चौकटीत बसवतात.

सोळाखालील. मुली. गट क.

मी म्हटलं, सर, गेल्या वर्षी ब होता.
"गेल्या वर्षी पट चारशे एकतीस होता, बाई.
या वर्षी तुम्हीच लिहिलंय, तीनशे शहाण्णव."
अक्षर माझंच. शिक्काही शाळेचाच,
जरासा तिरका उठलेला.

मी खरं तर चित्रकलेची.
वाळिंबे सर निवृत्त झाले तेव्हा
खेळ माझ्याकडे आले, शिट्टीसकट.
पस्तीस मुलं कुठे गेली ते मला पाठ आहे:
नऊ विरारला, सहा दिव्याला,
दोघी बहिणी गावी, आजोळी,
बाकीची समोरच्याच रस्त्यावर,
टाय लावून, पिवळ्या बसमध्ये.
डोंबिवलीला गेलेला मोरजकर
वर्षभर येत राहिला परळपर्यंत,
मग दिवाळीनंतर नाही आला.

आरे कॉलनी, सकाळचे साडेसहा.
गोठ्यांचा उबदार वास, दवानं भिजलेलं गवत,
फक्कीची रेघ एका म्हशीनं आधीच ओलांडलेली.
सगळे गट एकदमच सोडतात,
वाट एकच आहे ना.
फरक फक्त छातीवरच्या कापडाचा:
अ निळा, ब हिरवा, क पांढरा.
पांढऱ्यावर चिखल चांगला दिसतो.

चार किलोमीटर.
चढावर ती दिसली, मग झाडीत गेली,
मग बराच वेळ फक्त निळंच येत राहिलं.
निळ्या मुलींच्या पायात काटेरी बूट,
त्यांच्या सरांच्या हातात दोन-दोन घड्याळं.
सुविधा आमच्या शाळेमागच्या पुलाखाली धावते,
खांब मोजत. बावीस खांब गेले की वळायचं.
इथे मोजायला काही नव्हतं तिला.

टेबलावर निकाल:
गट क, प्रथम. दुसरी आली
तेव्हा हिचं पाणी पिऊन झालं होतं.

पदक गळ्यात, पाय अजून थरथरताहेत,
आणि ती फळ्यावरची मोठी यादी वाचतेय,
सगळे रंग मिसळलेली, फक्त वेळेची.
वरून खाली बोट नेत.
"बाई, इथे मी चौदावी आहे."
मी म्हटलं, हो.
"मग मी पहिली का चौदावी?"
दोन्ही, असं म्हणणार होते.
म्हटलं, टाचेला लागलंय, बस आधी.

सोमवारी प्रार्थनेनंतर टाळ्या झाल्या.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, बारा वर्षांनी पदक आलं.
तिसऱ्या मजल्यावरचे तीन वर्ग
आता कुलूप लावून आहेत,
टाळ्या तिथे जाऊन परत आल्या.
त्याच दुपारी मी पुन्हा चाळी फिरले,
मोफत पुस्तकं, मोफत गणवेश, घसा बसेपर्यंत,
आणि एका जिन्यात थांबून हिशेब केला:
चार मुलं मिळाली
तर पुढच्या वर्षी हिला काहीच मिळणार नाही.
जिना उतरले नाही. वर गेले.

बुधवारी ती ऑफिसच्या दारात.
हाताशी एक पोरगा, नाक पुसलेलं,
चुलत भाऊ, चिपळूणहून आलेला, पाचवीत घालायचा.
दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न घातलेला.

सुविधा, तुला माहितेय ना, पट वाढला तर...
"माहितेय. हिरवं कापड."
आणि त्या पोराला पुढे ढकलत,
"आणखी तीन लागतील, बाई.
आमच्या मजल्यावर दोन आहेत.
एकीची आई ऐकत नाही."

मी रजिस्टर उघडलं.
तीनशे सत्त्याण्णव.
शाई ओलीच होती, तरी तिनं वाकून वाचलं.