पानथरी

माझं काम कापायचं नाही.
टाका घालायचंही नाही.
मी कॅमेरा धरतो.
मणियार मॅडम म्हणतात, क्षितिज सरळ ठेव,
आणि मी आठ वर्षांच्या पोटात
क्षितिज सरळ ठेवतो.

तेजल भाईदास माळी, मुक्काम कापडणे.
लंगडी घालताना डावी कूस जड व्हायची,
मग जेवताना, मग नुसतं बसल्यावरही.
धुळ्याला सोनोग्राफी केली तेव्हा कळलं,
पानथरीत पाण्याची गाठ,
नारळाएवढी.

पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात.
परीक्षेत मी प्लीहाच लिहिलं.
पण घरी आम्ही पानथरी म्हणायचो,
आणि आवाज खाली आणून म्हणायचो,
ती ऐकेल आणि वाढेल अशा बेतानं.

भाईदास गवंडी. मॅडमनी त्याला
त्याच्याच कामातलं सांगितलं :
गाठीचं धाबं तेवढं उतरवायचं,
पानथरी जागेवर ठेवायची.
लेकराला ती लागते, तापाशी झुंजायला.
तो बराच वेळ कागदावरचं चित्र बघत राहिला.
धाबं काढल्यावर पाणी साचणार नाही ना परत?
उघड्यावर साचत नाही, मॅडम म्हणाल्या.
थांबल्या. बहुतेक.
त्या 'बहुतेक'खाली त्यानं सही केली,
थेळ्यातल्या पेनानं, पूर्ण नाव.

बेंबीतून मी आत गेलो.
दिवे मालवले होते. वायूनं पोट
यात्रेतल्या तंबूसारखं ताणलेलं,
आणि माझा उजेड आतून कातडीला लागला.
कातडी तांबूस झाली, पातळ,
शिरा दिसल्या, नदीच्या फाट्यांसारख्या.
फक्त चार ठिकाणी उजेड अडला.
डाग.
विळ्याचं टोक तापवून दिलेले.
एका ओळीत नाहीत :
लेकरू हललं असणार.

भूल देणारे सर हळूच म्हणाले, अडाणी लोक.
मॅडम काहीच बोलल्या नाहीत.
क्षितिज, एवढंच म्हणाल्या,
कारण माझा हात कलला होता.

मग ती दिसली. जांभळी, ओली,
आणि तिच्या माथ्यावर ती निळसर पांढरी गाठ,
तिच्याहून मोठी. सुई टोचली.
नळीतून तपकिरी पाणी आलं, त्यात बारीक चमक,
अभ्रक कुटून घातल्यासारखी.
सहाशे चाळीस, सिस्टरनं मोजलं.
काच धुरकटली. बाहेर काढ, गरम पाण्यात बुडव, पूस, पुन्हा आत.
यंत्राची बारीक शीळ,
आणि धाबं कडेकडेनं सुटत गेलं.
प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून
बेंबीतूनच बाहेर काढलं.
तिसऱ्या भोकाशी थोडं रक्त. दाबून धरलं. थांबलं.

वॉर्डात सरलाबाई
फ्रॉक खाली ओढत राहिली, पट्ट्या झाकायला नव्हे,
डाग झाकायला.
पानथरी वाढनी म्हनीसन दिधात, ती म्हणाली.
दोन बरीस व्हई गयात.
मीच धरं व्हतं तिले.
आणि माझ्याकडे बघितलं, आता हा बोलणार, अशी.

मी ॲप्रन बाजूला केला. शर्ट वर केला.
डावीकडे, शेवटच्या बरगडीखाली,
दोन. शिरपूरचे.
मला तेव्हा नुसता हिवताप होता.
मालेबी शेतस, म्हटलं.

ती हसली नाही, रडलीही नाही.
तिनं बोट पुढे केलं, मागे घेतलं,
आणि विचारलं, तुम्हले कोनी धरं व्हतं?

मायनी, मी म्हटलं.

भाईदास तोवर पट्ट्या मोजत होता.
एक, दोन, तीन.
इतला बारीक भोकमाईन धाबं काढं?
त्याला ते बघायचं होतं. मी सांगितलं,
तपासायला गेलंय, बरणीत आहे.
किती जाड होतं, विचारलं त्यानं.
मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं.

तेजलला खिचडी नको होती.
बिस्कीट होतं. मग पाणी.
मग ती कुशीवर वळली, डाव्या,
आणि तिथेच झोपून गेली.