अन्यत्र

कागद इंग्रजीत होता, मागं मराठी टाचलेलं.
मुंजाजीनं तो माझ्या काउंटरवर ठेवला,
म्हणाला, कय्यूमभाई, तुम्हीच वाचा,
माझा चष्मा घरी राह्यला.
त्याला चष्मा नव्हताच कधी.

सेलूत लाइट गेलेली. पंखा बंद.
मी वाचू लागलो.
पन्नास हजार, दोन हप्त्यांत.
फोटो कंपनी काढील, फेटा कंपनी देईल.
सात गाणी, पुढची तीन वर्षं,
फक्त घरसंसार मार्टच्या दुकानांत.
नांदेड, लातूर, औरंगाबाद, पुण्यात दोन.
अन्यत्र कुठेही विक्री करता येणार नाही.

मी पुढं वाचत गेलो.
तो एक शब्द चपलेत शिरलेल्या खड्यासारखा
पुढच्या प्रत्येक कलमाला टोचत राहिला.
पंचवीस वर्षं पाटी आहे,
ताज रेडिओ अँड कॅसेट, स्टेशन रोड, रसवंतीच्या बाजूला,
आणि दुकानाचं हे दुसरं नाव
मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्याची पहिली कॅसेट इथंच भरली,
मागच्या खोलीत, भिंतीला दोन वाकळा ठोकून.
खंजिरी वाजली की काटा लाल रेघेत जायचा.
मी हातानं खुणवायचो, सर मागं, अजून सर,
तो सरत सरत मोरीत गेला
आणि तिथून गायला.
तिसऱ्या गाण्यात मनमाडची पॅसेंजर शिट्टी देते.
परत भरायला टेप नव्हती.
लोकांना वाटलं, मुद्दाम टाकलीय.
जिंतूरचा एक जण यायचा, म्हणायचा, ती रेल्वेवाली द्या.
दोनशे खपल्या, मग चारशे, मग मी मोजणं सोडलं.

पैसे दिले की मी त्याला.
जसे आले तसे. एकदा दोन पायली ज्वारी.
कधी नुसतंच, पुढच्या बाजारी बघू.
ह्यातलं काही कुठल्या कागदावर नव्हतं,
आणि ते माझ्याच सोयीचं होतं.

करू का सही, भाई?
पोरीचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला होता.
कर म्हणालो.
पेन माझाच. शाई उतरेना,
म्हणून तळहातावर गिरवून, चालू करून दिला.

मग गिऱ्हाईक यायचं, मुंजाजीची नवी आली का?
नांदेडला मिळती.
नांदेडला? गाण्यासाठी?
असं म्हणून एखादा बॅटरीचे सेल घेऊन जायचा.

डिसेंबरात मीच गेलो.
दारात पिशवी काढून घेतली, टोकन दिलं.
तो होता,
धुण्याच्या पावडरीच्या पुढं, कुकरच्या अलीकडं,
फेट्यात, हसत.
त्याचे एवढे दात मी पाहिले नव्हते.
पाच किलो बासमतीवर सीडी मोफत.
आम्ही भाकरीवाले. तांदूळ घेतला.
बिलात छापून आलं : सीडी, संकीर्ण, शून्य रुपये.
बाहेर पडताना वॉचमननं त्या बिलाला भोक पाडलं.

रात्री शटर अर्धं ओढून लावली.
आवाज स्वच्छ. इतका,
की कुठल्या खोलीत गातोय कळेना.
तिसरं गाणं जुनंच, नव्यानं भरलेलं.
शिट्टीच्या जागी बासरी घातलीय.
पण मुंजाजी त्या ओळीच्या अलीकडं थांबतो,
अर्धा श्वास,
गाडी जाऊ द्यावी तसा.
बासरीवाल्याला काय माहीत, तो वाजवत राहतो.

मी मागं नेलं. पुन्हा लावलं.
पुन्हा थांबला.
आतून बायको म्हणाली,
भात मस्त मोकळा झालाय,
या, निवून जाईल.